मुलांचे कृतिशील विज्ञान उपक्रम आणि चुकीचे स्थान

प्रस्तावना

पदवीच्या पहिल्या वर्षाच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत साध्या लंबकाचा प्रयोग दरवर्षी होतो आणि दरवर्षी बहुतेक विद्यार्थ्यांचे गुरुत्वीय त्वरणाचे उत्तर 9.8 च्या अगदी जवळ येते. दोऱ्याच्या लांबीत गोळ्याची त्रिज्या मिळवायची राहिली, विसाऐवजी एकोणीसच आंदोलने मोजली गेली, तरी जर्नलमधील उत्तर जागचे हलत नाही. ते उत्तर लंबकाकडून आलेले नसते. पाठ्यपुस्तकाकडून आलेले असते, आणि निरीक्षणांचा तक्ता त्याला जुळेल अशा बेताने मागाहून भरलेला असतो. प्राध्यापकवर्गाला हे नवे नाही. बहुतेक वेळा त्याची संभावना अप्रामाणिकपणा म्हणून केली जाते. परंतु विद्यार्थी येथे जे करतो ते शालेय जीवनातील दहा-बारा वर्षांच्या शिकवणुकीला धरूनच असते. निरीक्षण आणि पुस्तक यांत अंतर पडले तर निरीक्षण बदलायचे, हा धडा त्याने फार लवकर घेतलेला असतो.

मुलांसाठी विज्ञान खेळणी, कोडिंगचे वर्ग, निसर्ग निरीक्षणाच्या सहली अशा उपक्रमांची आज रेलचेल आहे. 'स्वतः करून पाहणे' या शब्दांना शिक्षणक्षेत्रात प्रतिष्ठा लाभली आहे. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा 2005 ने ज्ञानरचनावादाची भूमिका मांडली आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ने माध्यमिकपूर्व टप्प्यात कोडिंगचे उपक्रम व इयत्ता 6 ते 8 मध्ये दहा दिवस दप्तराविना शाळा, अशा दोन्ही तरतुदी केल्या. तथापि हाताला काम मिळाले म्हणजे शिकणे घडलेच असे नाही. पाकिटातील सुटे भाग क्रमांकानुसार जोडणारे मूल आणि फळ्यावरील उत्तर उतरवून घेणारे मूल यांच्यात वाटते तेवढे अंतर नसते. अशा उपक्रमांत शिकणे नेमके कोठे घडते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात काही प्रत्यक्ष उदाहरणांच्या आधारे केले आहे. मुलाचा अंदाज चुकला आणि तो चुकल्याचे मुलाला शिक्षकाने नव्हे तर वस्तूनेच सांगितले, हा तो क्षण होय, अशी लेखाची भूमिका आहे.

काडी, वॉल्व्ह ट्यूब आणि तांब्याची तार

कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतून 1975 मध्ये पदवी घेतलेले अरविंद गुप्ता पुण्यातील मोटार कारखान्यातील नोकरीतून 1978 मध्ये रजा घेऊन मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. तेथील आठवडी बाजारात मिळणारी सायकलची वॉल्व्ह ट्यूब आणि आगपेटीच्या काड्या यांतून त्यांनी एक खेळ तयार केला. ट्यूबचा लहानसा तुकडा हा सांधा आणि काडी ही बाजू. या दोन वस्तूंतून त्रिकोण, चौकोन, पिरॅमिड, घन असे आकार बनतात. खर्च जवळजवळ नाही.

या खेळातील विज्ञान मात्र आकार बनविण्यात नाही. चार काड्यांचा चौकोन मूल बनविते आणि तो हातात धरताच कलतो. त्याचा समभुज चौकोन होतो. सांधे घट्ट बसले नसावेत असे मुलाला वाटते. ते सांधे काढून पुन्हा बसविते, तरी चौकोन कलतोच. तेच सांधे वापरून केलेला त्रिकोण मात्र ताठ राहतो. म्हणजे दोष सांध्याचा नव्हता. त्रिकोणाच्या तीन बाजू ठरल्या की त्याचे कोन आपोआप ठरतात. चौकोनाच्या चारही बाजू ठरल्या तरी कोन मोकळे राहतात. चौकोनात एक कर्णरेषा टाकली की तो उभा राहतो. मग कौलारू घराच्या कैच्या आणि रेल्वे पुलाच्या लोखंडी जाळ्या मुलाला वेगळ्या दिसू लागतात. 'त्रिकोण दृढ असतो' हे वाक्य शिक्षकाने आरंभीच सांगितले, तर हीच काडी केवळ हस्तकला उरते.

साध्या विद्युत मोटरच्या खेळण्यात हे अधिक स्पष्ट होते. एक सेल, त्यावर चकतीच्या आकाराचा चुंबक, रबराने सेलच्या दोन्ही टोकांना बसविलेल्या दोन सेफ्टी पिना आणि त्यांच्या छिद्रांत टेकलेले तांब्याच्या तारेचे वेटोळे एवढाच हा सारा पसारा. तारेवर इनॅमलचा विद्युतरोधक थर असतो, तो टोकांवर खरवडावा लागतो. बहुतेक मुले दोन्ही टोके सर्व बाजूंनी स्वच्छ खरवडतात, कारण विद्युतप्रवाह चांगला मिळावा हा त्यांचा हेतू असतो आणि हेतू म्हणून तो योग्यच आहे. परंतु असे वेटोळे फिरण्याऐवजी बहुधा झोके घेते आणि थांबते. अर्ध्या फेरीत चुंबकीय बल त्याला पुढे ढकलते आणि उरलेल्या अर्ध्या फेरीत मागे ओढते. एका टोकाचा थर केवळ अर्ध्या भागावर खरवडला तर मागे ओढणाऱ्या अर्ध्या फेरीत प्रवाहच खंडित होतो. वेटोळे स्वतःच्या गतीने तेवढे अंतर पार करते आणि फिरत राहते. मोठ्या मोटरमधील दिक्परिवर्तक जे काम करतो, त्याचाच हा एक साधा अवतार आहे.

बाजारात मिळणाऱ्या तयार संचात तारेची टोके अचूक खरवडून दिलेली असतात. मोटर पहिल्या प्रयत्नात फिरते, मूल टाळ्या वाजविते, पालक समाधानी होतात आणि दिक्परिवर्तकाचा प्रश्न उपस्थितच होत नाही. संच बनविणाऱ्याने अपयश काढून टाकले. त्याबरोबर धडाही निघून गेला.

कासवाची वाट

कोडिंगच्या बाबतीत हा विचार प्रथम सुस्पष्टपणे मांडला तो सेमूर पॅपर्ट यांनी. जन्माने दक्षिण आफ्रिकेतील या गणितज्ञाने जिनिव्हा येथे ज्याँ पियाजे यांच्यासमवेत काही वर्षे काम केले आणि पुढे अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथे 1967 मध्ये वॉली फॉयरझाइग व सिंथिया सॉलोमन यांच्यासह मुलांसाठी 'लोगो' ही संगणकभाषा तयार केली. या भाषेत एक कासव असते. प्रथम ते जमिनीवर चालणारे यंत्र होते, नंतर पडद्यावर आले. त्याला दोनच मुख्य गोष्टी समजतात: इतकी पावले पुढे जा आणि इतके अंश वळ. पॅपर्ट यांचे 'माइंडस्टॉर्म्स' हे पुस्तक 1980 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्याच परंपरेतील मिचेल रेस्निक यांच्या गटाने 2007 मध्ये 'स्क्रॅच' ही चित्रठोकळ्यांची भाषा सर्वांसाठी खुली केली. 'पायथन' भाषेतही कासव आज उपलब्ध आहे.

कासवाकडून चौरस काढून घेणे सोपे असते: 100 पावले पुढे, 90 अंश उजवीकडे, असे चार वेळा. त्यानंतर मुलाला समभुज त्रिकोण काढायला सांगावा. त्रिकोणाचा कोन 60 अंशांचा, हे त्याने भूमितीत पाठ केलेले असते. म्हणून ते 100 पावले पुढे, 60 अंश उजवीकडे, असे तीन वेळा लिहिते. पडद्यावर त्रिकोण उमटत नाही. एक उघडी कमान उमटते. निरखून पाहिल्यास ती अर्ध्या षटकोनाची असल्याचे दिसते.

येथे शिक्षकाने दोन पर्यायांतून निवड करायची असते. 'साठ नव्हे, एकशेवीस' असे सांगितले तर त्रिकोण मिळतो आणि तास पुढे सरकतो. दुसरा पर्याय म्हणजे मुलाला वर्गाबाहेर नेणे. शाळेच्या अंगणात खडूने त्रिकोण आखावा आणि मुलाने स्वतः कासव होऊन त्याच्या कडेने चालावे. कोपऱ्यावर पोहोचल्यावर ते ज्या दिशेला तोंड करून उभे असते, त्या दिशेपासून पुढच्या बाजूकडे वळण्यासाठी त्याला अर्ध्याहून अधिक मागे फिरावे लागते. भूमितीच्या पुस्तकातील कोन आतला होता. चालणाऱ्याला वळावे लागते ते बाहेरच्या कोनातून. संपूर्ण फेरी झाली की मूल आरंभीच्याच दिशेला तोंड करून उभे असते, म्हणजे सर्व वळणांची बेरीज 360 अंश. मग पंचकोनासाठी किती वळायचे हे विचारावे लागत नाही. एखादे मूल पाच वेळा 144 अंश वळून चांदणी काढते आणि बेरीज 720 आली म्हणून गोंधळते. चालून पाहिले की कळते, चांदणी काढताना चालणारा स्वतःभोवती दोनदा फिरतो.

या सर्व प्रकारात संगणक किती आवश्यक आहे? कमान उमटविण्यापुरता. पडदा मुलाची आज्ञा जशीच्या तशी पाळतो, तिला समजून घेऊन सावरत नाही, हे त्याचे शैक्षणिक मोल होय. माणूस ऐकणारा असेल तर तो चुकीची सूचनाही सुधारून घेतो. मराठी घरांत ठिपक्यांची रांगोळी काढली जाते. तिच्या आधारे हाच अनुभव संगणकाशिवायही देता येतो. एका मुलाने ठिपक्यांच्या जाळीवरील आकृती पाहावी आणि पाठमोऱ्या बसलेल्या दुसऱ्या मुलाला ती केवळ शब्दांत सांगावी. दुसऱ्याने सांगितले तेवढेच काढावे. 'वरच्या ठिपक्याला जोड' या सूचनेत 'वरचा' म्हणजे नेमका कोणता, ओळी कोठून मोजायच्या, असे प्रश्न दोन मिनिटांत उभे राहतात. ठिपक्यांची जाळी 'कोठे' ते सांगते आणि कासव 'कसे वळायचे' ते सांगते. निर्देशांक भूमिती आणि दिशेवर आधारलेली भूमिती यांतील हा भेद पदवी अभ्यासक्रमातही उपयोगी पडतो. न्यूझीलंडमधील टिम बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकाविना संगणकशास्त्र शिकविण्याचे असेच खेळ 1990 च्या दशकापासून विकसित केले आहेत.

आपल्याकडे कोडिंगने मात्र वेगळे वळण घेतले. 2020 च्या टाळेबंदीत सहा-सात वर्षांच्या मुलांना उद्योजक बनविण्याची आश्वासने देणाऱ्या जाहिरातींचा पूर आला आणि त्यांपैकी काही मागे घेण्यास भारतीय जाहिरात मानक परिषदेला सांगावे लागले. अनेक वर्गांत मूल पडद्यावर दाखविलेले ठोकळे दाखविलेल्या क्रमाने ओढते आणि तासाच्या शेवटी त्याच्या नावे एक खेळ तयार होतो. ही आज्ञावली मुलाने लिहिलेली नसून उतरवून घेतलेली असते. लंबकाच्या जर्नलशी तिचे नाते जवळचे आहे.

अंगणातील काठी

उघड्यावरील उपक्रमांत सर्वांत स्वस्त साधन म्हणजे सपाट जमिनीत सरळ रोवलेली काठी. भारतीय ज्योतिषग्रंथांत तिला शंकू म्हणतात. शंकूभोवती वर्तुळ आखून सकाळी व दुपारी सावलीचे टोक वर्तुळाला जेथे स्पर्श करते ते दोन बिंदू जोडले की पूर्व-पश्चिम रेषा मिळते, ही रीत प्राचीन आहे. सूर्याकडे थेट पाहावे लागत नाही, हा तिचा आणखी एक गुण.

दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो, हे विधान मुलांनी असंख्य वेळा ऐकलेले असते. पुण्यातील एखाद्या शाळेत अकरापासून दीडपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीची लांबी मोजली तर ती बाराला सर्वांत आखूड होत नाही. वर्षाच्या सरासरीने पाहता ती 12.35 च्या सुमारास सर्वांत आखूड होते. नोव्हेंबरच्या आरंभी 12.18 च्या आसपास आणि फेब्रुवारीच्या मध्यास 12.49 च्या आसपास. मुले प्रथम घड्याळावर संशय घेतात, नंतर काठीवर, आणि शेवटी स्वतःच्या मोजणीवर. पुस्तकावर संशय घेण्याचे धाडस फार थोडी करतात. भारतीय प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखावृत्तावर बेतलेली आहे आणि पुणे त्याच्या पश्चिमेस सुमारे साडेआठ अंशांहून किंचित अधिक अंतरावर आहे. दर अंशाला चार मिनिटे धरली की सुमारे 35 मिनिटांचा हिशेब जुळतो. नागपुरात हा फरक जेमतेम 14 मिनिटांचा असतो. दोन शहरांतील शाळांनी एकाच दिवशी ही मोजणी करून आकडे एकमेकींना कळविले तर पृथ्वीचे फिरणे मुलांच्या वहीत उतरते. ऋतूनुसार वेळ पुढेमागे का होते हा प्रश्न अधिक अवघड आहे. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा अक्ष कललेला आहे, या दोन्ही गोष्टी त्यात गुंतलेल्या असल्याने तो वरच्या वर्गांसाठी राखून ठेवण्यास हरकत नाही.

'सूर्य डोक्यावर' या शब्दांचा दुसरा भागही तपासण्याजोगा आहे. पुण्यात एक मीटर उंचीच्या काठीची मध्यान्हीची सावली 22 डिसेंबरच्या सुमारास सुमारे 90 सेंटिमीटर असते आणि विषुवदिनी सुमारे 33 सेंटिमीटर. वर्षातून दोनच दिवस ती नाहीशी होते. हा दिवस कोल्हापुरात मेच्या पहिल्या आठवड्यात, पुण्यात मेच्या मध्यास आणि नागपुरात 26 मेच्या आसपास येतो. दुसऱ्या वेळी तो जुलै-ऑगस्टमध्ये येतो. पहिल्या वेळी शाळांना उन्हाळी सुट्टी असते आणि दुसऱ्या वेळी आभाळ भरलेले असते. राज्यातील मुलांना सर्वांत सहज करता येणारा खगोलशास्त्रीय प्रयोग शालेय वेळापत्रकात बसत नाही, ही गंमतीची नव्हे तर खेदाची बाब आहे. त्यातूनही एक वाट उरते. जूनच्या मध्यास शाळा उघडते तेव्हा पुण्यात मध्यान्हीची सावली उत्तरेला नसून दक्षिणेला पडते. ढगांतून अर्धा तास ऊन पडले तरी ती दिसते. मार्चमध्ये हीच सावली उत्तरेला होती, अशी नोंद वहीत असलेले मूल त्या दिवशी चकित होते. नोंदच नसेल तर चकित होण्याचे कारणही उरत नाही.

होशंगाबादची तीस वर्षे

हे सर्व तुरळक हौशी प्रयोग आहेत आणि सरकारी शाळांच्या व्यवस्थेत ते टिकणार नाहीत, असा आक्षेप घेतला जातो. त्याला इतिहासातच उत्तर आहे. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, तेव्हा माँटेसोरी पद्धतीच्या महागड्या साधनांची जागा बिया, पाने, शिंपले, खडे यांनी घेतली. पुढे कोसबाडला अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरविली. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, एवढाच त्यामागील विचार होता आणि तो पुरेसा होता.

विज्ञानापुरते पाहता सर्वांत मोठा प्रयोग होशंगाबाद जिल्ह्यात झाला. त्या जिल्ह्याचे नाव 2022 मध्ये नर्मदापुरम् करण्यात आले. किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर, रसूलिया या दोन संस्थांनी 1972 मध्ये 16 सरकारी माध्यमिक शाळांत कार्यक्रम सुरू केला. 1978 मध्ये तो संपूर्ण जिल्ह्यात पसरला आणि 1982 मध्ये स्थापन झालेल्या 'एकलव्य' संस्थेने पुढे त्याची धुरा वाहिली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील आणि दिल्ली विद्यापीठातील वैज्ञानिक व प्राध्यापक सुट्ट्यांत तेथे जाऊन शिक्षकांबरोबर काम करीत. महाविद्यालयीन अध्यापकाचे शालेय विज्ञानाशी असे थेट नाते देशात क्वचितच जुळले असेल.

'बाल वैज्ञानिक' या त्यांच्या पुस्तकांत उत्तरे नव्हती; काय करावे आणि काय पाहावे एवढेच होते. पाने आणि मुळे यांवरील धडा त्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. मुले शेतावर जातात, रोपे मुळांसकट उपटतात आणि तक्ता भरतात. पानांवर जाळीदार शिरा असतील तर सोटमूळ, समांतर शिरा असतील तर तंतुमूळ, असा मेळ त्यांना हळूहळू दिसू लागतो. बियांची दले मोजली की एकदल आणि द्विदल हे वर्गीकरण शब्द म्हणून येण्यापूर्वी अनुभव म्हणून येते.

या धड्याचे खरे सौंदर्य कोकणातील एखाद्या शाळेत तो घेतल्यास दिसेल. कोणी अळूचे पान आणील. शिरा जाळीदार भासतात, मुळे मात्र तंतूंची. कोणी घोटवेल आणील, कोणी करांद्याचा वेल. या वनस्पती एकदल गटातल्या असूनही त्यांची पाने जाळीदार शिरांची. मुलांनी स्वतः शोधलेला नियम येथे अडखळतो. शिक्षकाने हे अपवाद टाळण्यासाठी सोयीची रोपे आधीच निवडून ठेवली तर तक्ता नीटनेटका होतो, पण जीवशास्त्रातील नियम कोणत्या प्रकारचे असतात हे मुलांना कळत नाही.

या कार्यक्रमातील परीक्षाही वेगळी होती. लेखी परीक्षेत पुस्तक व वही जवळ बाळगण्याची मुभा होती आणि प्रात्यक्षिकाला स्वतंत्र स्थान होते. मुलांच्या प्रश्नांना पत्राने उत्तर देणारे 'सवालीराम' हे काल्पनिक पात्रही या कार्यक्रमाचेच अपत्य. 2002 मध्ये राज्य शासनाने कार्यक्रम बंद केला, तेव्हा तो सुमारे एक हजार शाळांत चालू होता. तीस वर्षे आणि हजार शाळा हे आकडे पाहता 'व्यवस्थेत टिकणार नाही' या विधानाचा अर्थ तपासून घ्यावा लागतो. वर्गाने तो नाकारला नव्हता.

मार्गदर्शनाचा प्रश्न

येथवरच्या विवेचनावरून मुलांना मोकळे सोडावे आणि शिक्षकाने बाजूला व्हावे, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. संशोधनाचा कौल तसा नाही. रॉय पी आणि मिडियन कुर्लंड यांनी 1984 मध्ये लोगो शिकलेल्या मुलांची पाहणी केली, तेव्हा त्यांच्या नियोजन कौशल्यात अपेक्षित वाढ आढळली नाही. रिचर्ड मेयर यांनी 2004 मध्ये तीन दशकांतील अभ्यासांचा आढावा घेऊन, मार्गदर्शनाविना शोधून शिकणे पुनःपुन्हा अपयशी ठरल्याचे दाखविले. लोगो हे त्यांच्या तीन उदाहरणांपैकी एक होते. किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क यांनी 2006 मध्ये हीच टीका अधिक कठोर शब्दांत केली. पॅपर्ट यांच्या चाहत्यांना ही टीका रुचली नाही, पण ती गांभीर्याने घेणे भाग आहे.

तिचा अर्थ असा की चुकीचा अनुभव आपोआप ज्ञान बनत नाही. अर्ध्या षटकोनाची कमान पाहून मूल आकडे बदलत बसू शकते. 70, 90, 110 करीत ते अखेर 120 वर पोहोचेल आणि बाहेरच्या कोनाची कल्पना त्याला शिवणारही नाही. झोके घेणारे वेटोळे पाहून ते सेल बदलील. वस्तू 'चूक' एवढेच सांगते, 'का' ते सांगत नाही. शिक्षकाचे काम तेथे सुरू होते. कृतीपूर्वी अंदाज वहीत लिहून घेणे हे त्यातील पहिले पाऊल, कारण लिहिलेला अंदाज मागाहून बदलता येत नाही. योग्य क्षणी अंगणात नेणे हे दुसरे. 'सेल बदलल्यावर काय होईल असे वाटते?' असा प्रश्न विचारून मुलाला एका वेळी एकच गोष्ट बदलायला लावणे हे तिसरे, आणि ते सर्वांत कठीण आहे, कारण उत्तर ठाऊक असताना गप्प राहण्याचा सराव अध्यापकांना नसतो. साठ मुलांच्या वर्गात हे कसे साधावे, हा प्रश्न खरा आहे. चार-पाच मुलांच्या गटांनी तो काहीसा सुटतो, पूर्णपणे सुटत नाही.

महाविद्यालयाची बाजू

पुण्यात आयुका या संस्थेच्या आवारात पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या साहाय्याने 'मुक्तांगण विज्ञान शोधिका' उभी राहिली आणि अरविंद गुप्ता यांनी तेथे 2003 ते 2014 या काळात काम केले. मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र 1974 पासून कार्यरत आहे. अशा संस्था मोजक्या आहेत आणि त्या तशाच राहणार. तालुक्याच्या गावी मात्र महाविद्यालय असते, त्यात प्रयोगशाळा असते आणि राज्यातील नव्या पदवी आराखड्यात क्षेत्रीय प्रकल्प व समाजसंपर्क यांना श्रेयांकही आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दरवर्षी एखाद्या गावात जातेच. तेथे रस्ता झाडण्याबरोबर शाळेच्या अंगणात एक काठी रोवून वर्षभराची सावली नोंदविण्याची व्यवस्था लावणे अवघड नाही. खर्च काठीचा आणि वहीचा.

पदवीच्या विद्यार्थ्याला या कामाचा लाभ मुलांपेक्षा कमी नसतो. सातवीतील मुलाच्या प्रश्नाला जर्नल पाहून उत्तर देता येत नाही. पुण्यात सावली 12.35 ला आखूड का होते, हे समजावून सांगताना विषुवांश, रेखांश आणि प्रमाणवेळ यांची आपली समज किती कच्ची आहे हे त्याला प्रथमच जाणवते.

प्रात्यक्षिक परीक्षेतही लहान बदल शक्य आहेत. लंबकाच्या प्रयोगात अपेक्षित मूल्याच्या जवळ जाण्याला असलेले गुण कमी करून, आलेल्या उत्तराच्या अनिश्चिततेचा हिशेब आणि फरकाचे कारण शोधण्याचा प्रयत्न यांना ते देता येतील. लंबकाचा गोळा दुसऱ्या आकाराचा द्यावा, दोऱ्याला मुद्दाम एक गाठ मारून ठेवावी आणि गेल्या वर्षीचे जर्नल निरुपयोगी करावे. 9.4 हे उत्तर प्रामाणिकपणे लिहून त्याखाली 'त्रिज्या धरली नव्हती, धरल्यास 9.7' अशी नोंद करणारा विद्यार्थी आणि 9.8 लिहून मोकळा होणारा विद्यार्थी यांपैकी कोणाला अधिक गुण मिळतात, हे त्या दिवशी परीक्षकांच्या टेबलावर ठरते.